खुले पत्र : गोळा आधी काट्यावर ठेवा

प्रति,
मुंबईत शाळांच्या, वॉर्डांच्या, क्लबांच्या मैदानी स्पर्धा भरवणारे सगळे आयोजक, पंच आणि पी.टी.चे सर-मॅडम यांस,

सप्रेम नमस्कार.

मी भांडुपला राहतो आणि तिथल्याच एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कातायच्या मशीनवर काम करतो, सव्वीस वर्षं झाली. खेळातलं म्हणाल तर शाळेत कबड्डी खेळलो तेवढंच. पण माझी लेक आता सोळाची आहे, चार वर्षं गोळाफेक करतेय, आणि तिच्यामागे सकाळी सहाला मैदानावर उभं राहून राहून मीपण बरंच शिकलो. त्यात माझा सगळा जन्म मापात गेलाय, त्यामुळे जिथे माप चुकतं तिथे नजर जातेच, ती काही मला थांबवता येत नाही. म्हणून हे पत्र. कुठल्या शाळेचं किंवा संस्थेचं नाव घेणार नाही, कारण हे एका ठिकाणचं नाहीच आहे, आम्ही जेवढ्या स्पर्धांना गेलो त्यातल्या बहुतेक ठिकाणी थोड्याफार फरकाने हेच बघितलं.

गेल्या डिसेंबरमधली गोष्ट सांगतो. सकाळी साडेसातचा रिपोर्टिंग टाईम, पोरं पावणेसातपासून हजर. आधी धावण्याच्या शर्यती, मग लांब उडी, मग पाहुणे आले, भाषणं झाली, बक्षीस समारंभाचा अर्धा भाग उरकला, आणि गोळाफेकीला नंबर आला तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. बरं, ते एकवेळ समजू शकतो. पण ज्याच्या आत राहून गोळा टाकायचा ते वर्तुळ कुठे होतं म्हणाल तर मैदानाच्या एका कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीजवळ, मातीवर फक्कीने काढलेलं. एकाने मध्ये उभं राहून दोरी धरली असेल, दुसऱ्याने गोल फिरून फक्की टाकली असेल. मी पावलांनी मोजलं तर एका बाजूने सात पावलं आणि दुसऱ्या बाजूने आठ, म्हणजे गोलसुद्धा नाही, अंडं. पहिल्या तीन-चार पोरींचे पाय घासले आणि पुढची फक्की पुसली गेली. नेमकी पुढची, जिथे ती सगळ्यात जास्त पाहिजे.

माझ्या लेकीची तिसरी फेक चांगली गेली होती, त्या दिवसातली तिची सगळ्यात लांब. पंचांनी हात वर केला, फाऊल, म्हणजे पाय रेघेला लागला, फेक बाद. तिने विचारलं, सर पाय कुठे लागला, तर सरांनी खाली बघितलं, आम्हीपण बघितलं, तिथे रेघच नव्हती. एवढंच. मी भांडलो नाही, कारण खरं सांगतो, तो फाऊल असेलही. पण तो होता का नव्हता हे तिथे उभ्या असलेल्या कोणालाच सांगता येत नव्हतं, सरांनापण नाही, आणि ते सर सकाळी सहापासून उन्हात उभे, हातात पाण्याची बाटलीसुद्धा नाही, त्यांच्यावर मी काय चिडू? त्यांना पांढरी रेघ दिली नाही कोणी, ही चूक त्यांची नाही.

पण खरी गोष्ट ह्याच्या पुढची आहे. ग्रुप दोन पाडले होते, वेळ वाचवायला. दोन ग्रुपला दोन गोळे, दोन्हीवर पांढऱ्या ऑइलपेंटने 3 लिहिलेलं. मुली म्हणत होत्या तो एक जड आहे. स्पर्धा संपल्यावर मी तिथल्या एका सरांना विनंती केली, सर पाच मिनिटं दोन्ही गोळे देता का, इथेच गेटबाहेर जातो आणि येतो. भला माणूस, तेपण आले सोबत. गेटबाहेर कांदे-बटाटेवाला होता, त्याच्याकडे डिजिटल काटा. आधी मी माझ्या लेकीचा स्वतःचा गोळा ठेवला कारण त्याचं वजन मला पाठ आहे. 3 किलो 10 ग्रॅम. काट्याने बरोबर तेवढंच दाखवलं, म्हणजे काटा खरा. मग स्पर्धेतला पहिला ठेवला, 2 किलो 810. दुसरा ठेवला, 3 किलो 265. सर काही बोलले नाहीत, दोन मिनिटं नुसते आकड्याकडे बघत होते. साडेचारशे ग्रॅमचा फरक. एकाच वयोगटातल्या मुली, एकच मेडल, आणि अर्ध्या जणींच्या हातात जवळजवळ अर्धा किलो जास्त. ज्या मुलीला गोल्ड मिळालं ती हलक्या गोळ्याच्या ग्रुपमधली, तिचीपण ह्यात काय चूक? तिला तर आपण कशाने जिंकलो हे आयुष्यात कळणार नाही. त्या आकड्यांनंतर मला रात्री झोप नाही लागली.

हे होतं कसं ते मी सांगू शकतो कारण ते माझ्या धंद्यातलं आहे. 3 किलोचा पोलादी गोळा साधारण 90 मिलिमीटर व्यासाचा होतो. नियमात ह्या गोळ्याचा व्यास 85 ते 110 मिलिमीटरच्या मध्ये कुठेही चालतो. पण व्यासात नुसता 1 मिलिमीटर इकडेतिकडे झाला की वजनात 100 ग्रॅमच्या आसपास फरक पडतो. गोळा आहे ना, तिन्ही बाजूंनी वाढतो आणि तिन्ही बाजूंनी घटतो. डोळ्यांना 1 मिलिमीटर दिसत नाही, हातालाही पटकन कळत नाही. मी स्वतः लेकीसाठी 95 मिलिमीटरच्या पोलादी बारमधून एक गोळा कातून काढला होता. दोन रविवार गेले त्यात. थोडं घ्यायचं, मशीन बंद करून काढायचा, काट्यावर ठेवायचा, परत लावायचा. शेवटी एमरी पेपरने घासताना जरा जास्त झालं आणि 90 च्या जागी 89.6 राहिला, वजन भरलं 2 किलो 960. चाळीस ग्रॅम कमी. तो गोळा मी स्पर्धेत कधीच नेऊ दिला नाही, घरी प्रॅक्टिसला ठेवलाय, त्यावर ठोकून 2960 आकडा कोरलाय म्हणजे कोणाची गल्लत नको. मग धोबी तलावला जाऊन विकतचा आणला आणि दुकानात काट्यावर ठेवूनच पैसे दिले. आणि तुम्हाला सांगतो, स्पर्धेचे गोळे बनवणाऱ्यांसाठी नियमात जे माप दिलेलं असायचं ते 3 किलोला 3.005 ते 3.025 असं, म्हणजे वरच पाच ते पंचवीस ग्रॅम, खाली एक ग्रॅमही नाही. मापात चालणारा फरक, आमच्या भाषेत टॉलरन्स, किती छान ठेवला होता बघा, ज्याने कोणी ठरवला त्याला ठाऊक होतं की गोळा वर्षानुवर्षं आपटून, घासून, गंजून झिजणार आहे, म्हणून त्याने झिजेला जागा ठेवली. आपल्याकडे शाळेच्या स्टोअररूममध्ये फुटक्या कॅरम बोर्डाखाली दहा-दहा वर्षं पडलेले गोळे असतात, मुंबईच्या दमट हवेत पापुद्रे निघालेले, वर दरवर्षी नवीन रंगाचा थर. ते झिजलेत का जड झालेत कोण सांगणार. काटाच सांगणार.

त्यामुळे माझी पहिली आणि सगळ्यात मोठी विनंती हीच की स्पर्धेच्या दिवशी सकाळी, पोरांच्या समोर, प्रत्येक गोळा काट्यावर ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. मोठ्या स्पर्धांमध्ये हे होतंच, खेळाडूचा स्वतःचा गोळासुद्धा आधी तपासून मगच आत जातो. आणि ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी वजनं सांगतो, पुरुष 7.26 किलो, महिला 4 किलो, 20 वर्षांखालचे मुलगे 6 किलो, 18 खालचे मुलगे 5 आणि मुली 3. लहान गटांचं तुमच्या स्पर्धेत जे ठरलं असेल ते असू दे, फक्त फॉर्मवर आधी छापा. आम्ही 3 किलोवर सहा महिने तयारी करायची आणि मैदानावर गेल्यावर कळायचं की आज 4 आहे, असं एकदा झालंय.

आता वर्तुळ. आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत 2.135 मीटर, म्हणजे मध्यापासून दोरी पावणेएकशेसात सेंटीमीटर. खिळा ठोका, दोरी नाही तर तार घ्या, दोरी ताणते. नियमाप्रमाणे भोवती लोखंडी पट्टीची कड पाहिजे, कमीत कमी 6 मिलिमीटर जाडीची, पांढरी, आणि आतली जमीन त्या कडेपेक्षा साधारण 2 सेंटीमीटर खाली. ही कड असली की पाय लागला तर खेळाडूला स्वतःलाच कळतं, पंचांना अंदाज मारावा लागत नाही. आतमध्ये काँक्रीट असेल तर फारच चांगलं, कारण गोळा टाकताना पाय घसरत-घसरत मागून पुढे येतो, मातीत तो रुततो, आणि रुतला की घोटा मुरगळतो. तुम्ही म्हणाल काँक्रीट म्हणजे मोठा खर्च. मी हिशेब केला. वर्तुळाचं क्षेत्रफळ साडेतीन चौरस मीटरच्या जरा वर, 10 सेंटीमीटर जाडीचा थर धरला तर तीनेक गोण्या सिमेंट, थोडी रेती, खडी आणि एका गवंड्याची मजुरी. पावसाचं पाणी साचू नये म्हणून तळाला निचऱ्याची दोन-तीन भोकं ठेवा, आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्याची नाही तर विहीर होईल. एकदा केलं की पंधरा-वीस वर्षं बघायला नको. एका स्पर्धेच्या मंडपाला आणि स्पीकरला ह्याच्यापेक्षा जास्त जात असतील.

आणि स्टॉप बोर्ड. ह्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण हा मी आजपर्यंत शाळांच्या स्पर्धेत फक्त दोनदा बघितला. वर्तुळाच्या पुढच्या बाजूला, गोळा ज्यांच्या आत पडला पाहिजे त्या दोन रेघांच्या मध्ये बसवलेला वाकडा ठोकळा असतो तो, पांढरा, 10 सेंटीमीटर उंच, टोकापासून टोकापर्यंत सरळ मोजलं तर 1.21 मीटर, आणि आतली बाजू वर्तुळाच्या गोलाईला तंतोतंत जुळणारी. बऱ्याच जणांना वाटतं तो नुसता शोभेला किंवा फाऊल पकडायला आहे. नाही. त्याच्या आतल्या बाजूला पाय लागलेला चालतो, वरच्या बाजूला लागला की फाऊल. गोळा टाकणारी मुलगी मागे तोंड करून सुरुवात करते, खाली वाकते, एका पायावर मागच्या मागे सरकते, आणि अंग वळवून उजवा पाय, कंबर, छाती, खांदा, हात असा सगळा जोर एकामागे एक पुढे सोडते. त्या क्षणाला तिचा डावा पाय त्या बोर्डाला टेकलेला असतो आणि सगळं अंग त्याच्यावर उभं राहतं. तो ठोकळा आहे हे तिला न बघता माहीत असतं, म्हणून ती सगळा जोर लावते. बोर्ड नसेल तर डोक्यात आधीच ब्रेक लागतो. अंधारात प्लॅटफॉर्मची कड दिसत नसताना कोणाला सांगावं की जोरात धावत ये आणि बरोबर कडेला थांब, तसं आहे ते. माझ्या लेकीचं प्रॅक्टिसमध्ये बोर्डाबरोबर आणि बोर्डाशिवाय अर्ध्या-पाऊण मीटरचा फरक पडतो, मी वहीत लिहून ठेवलंय, तारखांसकट.

मोजायचं कसं हेपण सांगतो, आणि इथे रागावू नका. तुमच्याकडची कापडी टेप फेकून द्या. ती ओढली की वाढते. स्टीलची घ्या. शून्य गोळा पडला तिथल्या खुणेवर, सगळ्यात जवळच्या कडेला, आणि टेप वर्तुळाच्या मध्यावरून न्यायची, वाचायचं आतल्या कडेवर, आणि सेंटीमीटरच्या पुढचं सोडून द्यायचं. मध्यावरून न्यायची हे फार महत्त्वाचं. मी बघतो, टेप धरणारा पोरगा वर्तुळाच्या पुढे कुठेही उभा राहतो, जिथे मुलगी उभी होती तिथे धरतो. 10 मीटरच्या फेकीत नुसतं 40 सेंटीमीटर बाजूला धरलं तर माप 8 सेंटीमीटरने वाढतं. एकीला आठ सेंटीमीटर फुकट आणि दुसरीला नाही.

आठ सेंटीमीटर म्हणजे किती ते सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातले आपले सचिन खिलारी, 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये एफ-46 गटात, म्हणजे हाताला अपंगत्व असलेल्यांच्या गटात, गोळाफेकीत रौप्य पदक मिळवलं त्यांनी. त्यांची फेक 16.32 मीटर. कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टची 16.38, त्याला सुवर्ण. सहा सेंटीमीटर. माझ्या हाताची चार बोटं ठेवली तरी त्याच्यापेक्षा जास्त होतात. आमच्या गाळ्यात चहाच्या वेळी मी हे सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, अरे पण लोखंडाचा गोळा टाकून पुढे काय. त्याला मी तजिंदरपाल सिंग तूर सांगितला, 2018 आणि 2023, दोन्ही आशियाई स्पर्धांमध्ये सुवर्ण, 21.77 मीटरचा राष्ट्रीय विक्रम. अमेरिकेचा रायन क्राऊझर सांगितला, 23.56 मीटर, पुरुषांचा जागतिक विक्रम, लागोपाठ तीन ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण. साडेतेवीस मीटर म्हणजे आमच्या गाळ्याच्या दारातून टाकला तर समोरची गल्ली ओलांडून पलीकडच्या कंपाउंडमध्ये. आणि तो गोळा सव्वासात किलोचा. तेव्हा सगळे जरा गप्प झाले आणि मग एकेकाने लेकीचा गोळा हातात घेऊन बघितला. खूप दिवसांनी त्या लोखंडाला कोणी अशा नजरेने बघितलं.

गोळा पडतो ती जागाही बघा. नियमात असं आहे की जमिनीवर खूण उमटली पाहिजे. आपल्या मैदानांवर डिसेंबर-जानेवारीत जमीन सिमेंटसारखी टणक झालेली असते, त्यात रोज क्रिकेटवाल्यांची पावलं, तिथे गोळा पडतो, टण्ण करून उडतो आणि घरंगळत जातो, आणि पंच अंदाजाने पाय ठेवतात, इथे पडला. आदल्या रात्री पाणी मारा. शक्य असेल तर थोडी रेती नाहीतर भुसभुशीत माती पसरा, एवढंच. आणि बाजूच्या दोन रेघा, त्यातला कोन 34.92 अंशाचा असतो, तो मोजायला कोनमापक शोधू नका. वर्तुळाच्या मध्यापासून 20 मीटरवर दोन खुंट्या मारा, दोन्हीत अंतर 12 मीटर, आणि मध्यापासून सरळ दोऱ्या ओढा. झालं, कोन आला. मी लेथवर असल्यामुळे मला हे वाचून फार आनंद झाला होता, कुणीतरी असा सोपा आकडा शोधून ठेवलाय की कोणत्याही पोराला तो काढता यावा.

ह्या रेघांच्या बाहेर दोरी बांधा हो. तीन किलोचं लोखंड आहे ते. गेल्या वर्षी एक गोळा कडेला पडून घरंगळत, बसून डबा खाणाऱ्या पाचवीच्या पोरांच्या पायाशी गेला होता. काही झालं नाही. आणि गोळा परत आणताना हातात धरून आणायचा, तिकडून इकडे टाकायचा नाही, हे व्हॉलंटियर पोरांना आधी बसवून सांगा, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

अजून एक, हे पी.टी.च्या सर-मॅडमसाठी. आपल्या नावात फेक आहे, गोळाफेक, पण गोळा फेकायचा नसतोच. तो मानेला, हनुवटीला लागून ठेवायचा आणि तिथून एका हाताने ढकलायचा, खांद्याच्या रेषेच्या मागे न्यायचा नाही. मुंबईतलं प्रत्येक पोर चालायला लागल्यापासून चेंडू टाकतं, त्यामुळे हातात गोळा दिला की तो खांद्यामागे नेऊन बाउंड्रीवरून थ्रो मारल्यासारखा मारतं. तो फाऊल तर आहेच, पण कोपराचा सांधा जाऊ शकतो. माझ्या लेकीलासुद्धा पहिलं वर्षभर ही सवय सोडवायला लागली. सकाळी तिच्या कोपराखाली हात धरून मी उभा राहायचो, कोपर खाली आलं की टपली. गोळा तळहातावर नाही, बोटांच्या मुळाशी. मान धुतल्यावरही बघितलीत तर तिच्या मानेवर अजून काळसर डाग दिसतो, लोखंडाचा. आणि एक सांगून ठेवतो, मानेला खडूची पूड लावायला परवानगी आहे, मागच्या वेळी एका मुलीला त्यावरून ओरडले होते सगळ्यांसमोर, ती रडत होती. नियमात आहे ते. हाताला पण लावता येते. दोन बोटं एकत्र चिकटपट्टीने बांधता येत नाहीत, ते मात्र बघा.

मला माहितीये तुमच्यावर किती लोड असतो. सहाशे पोरांना एक सर, वर निवडणुकीची ड्युटी, वर मैदानाची परवानगी मिळवायला चार ऑफिसांच्या चकरा. मैदानं आहेतच किती मुंबईत, एका मैदानावर दहा मॅच एकदम चालू असतात, आमचा गोळा त्यांच्या पिचजवळ पडला तर ते ओरडतात, आणि त्यांचंही बरोबरच आहे, खड्डा पडतो. आम्हीसुद्धा क्रिकेटवाले यायच्या आधी, सहा ते सात एवढ्याच वेळात प्रॅक्टिस करतो आणि जाताना पडलेले खड्डे पायाने दाबून जातो. त्यामुळे तुम्ही मोठं काही करा असं मी म्हणतच नाहीये. सिंथेटिक ट्रॅक द्या, कोच द्या, असलं काही मागत नाही. वर्तुळ, बोर्ड, काटा, स्टीलची टेप, दोरी. आणि ह्या पोरांची वेळ पाहुण्यांच्या भाषणानंतर न ठेवता सकाळी ठेवा, तीन फेऱ्या पूर्ण द्या. पोरी सहा महिने रोज पहाटे उठतात, एका फेरीत गुंडाळून घरी पाठवू नका.

आता माझ्या बाजूने. वर्तुळाची लोखंडी कड मी बनवून देतो. हिशेब केलाय, 6 मिलिमीटरच्या पट्टीला साधारण 6 मीटर 72 सेंटीमीटर लागतात. बाजारात पट्टी 6 मीटरची येते, म्हणून वरचा तुकडा जोडावा लागतो, पण मी ती दोन अर्ध्यांत करतोय, दोन्ही टोकांना पट्ट्या वेल्ड करून नट-बोल्टने जोडायची, म्हणजे स्पर्धा झाली की उघडून स्टोअरमध्ये उभी ठेवता येईल आणि टेम्पोतही मावेल. ज्या मैदानावर काँक्रीट करता येत नाही तिथे हीच मातीत बसवता येते, बाहेरून खुंट्या मारायच्या. एक अर्धा तयार आहे, गाळ्याच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलाय, रेड ऑक्साइड मारून झालंय, दुसरा ह्या रविवारी वाकवायला घेणार. बोर्डासाठी शेजारच्या सुताराशी बोलून ठेवलंय, त्याला आतल्या गोलाईचा साचा मी पत्र्यातून कापून दिलाय. मटेरियलचे पैसे द्या, मजुरी नको. रंग तुम्ही द्या, पांढराच हवा.

आणि पुढच्या सीझनच्या पहिल्या स्पर्धेला मला बोलवा किंवा नका बोलवू, मी लेकीबरोबर येणारच आहे. सोबत काटा आणतो, गाळ्यातला, आताच तपासून सरकारी स्टँपिंग झालेला. फक्त रिपोर्टिंगच्या वेळी गोळे पेटीतून बाहेर काढून ठेवा.

आपला,
एक टर्नर आणि गोळाफेकीतल्या एका मुलीचा बाप
भांडुप